सुई, ट्राम आणि काळी वाळू

गेल्या डिसेंबरात काळबादेवीच्या पुळणीवर मी अर्धा तास एक चुंबक फरफटवत फिरत होतो. चुंबक म्हणजे बिघडलेल्या स्पीकरमधून काढलेली जाड चकती, दुधाच्या पिशवीत गुंडाळलेली आणि सुतळीला बांधलेली. कोल्हापूरहून आंबा घाट उतरून रत्नागिरी गाठायला तीन-साडेतीन तास लागतात. मित्र मासे खायला आले होते. मासे मलाही खायचे होतेच, पण चुंबक मी घरून मुद्दाम आणला होता. दहा पावलं चाललो आणि पिशवी वर उचलली, तर तिला काळी लव फुटलेली. पिशवी उलटी केली की सगळी लव मुठीत.

होडीच्या सावलीत एक काका जाळं दुरुस्त करत बसले होते. त्यांनी बराच वेळ बघितलं आणि मग विचारलं, "काय हरवलंय काय?"

"नाही काका, वाळूतलं लोखंड बघतोय."

"त्याला चुंबक कशाला? पावसाळ्यात या. सगळी पुळण काळी होते."

पावसाळ्यात लाटा हलकी वाळू ओढून नेतात आणि जड, काळी मागे ठेवतात. काकांना त्यातलं 'का' सांगायची गरज वाटली नाही. मी विचारलं, "ही काळी वाळू आत समुद्रातपण असेल ना? कुठपर्यंत?"

"असणार की. आम्हाला काय, खडप कुठं आहे तेवढं ठाऊक पायजे. खडपावर जाळं गेलं की फाटलं."

आपल्या किनाऱ्याला समुद्राखाली काय आहे हे जाणून घ्यायच्या दोन पद्धती मला त्या दुपारी कळल्या. एक काकांची, जाळं फाटण्याची. तिला वर डोकावणारा खडक कळतो. गाळाखाली पुरलेला खडक तिला कळत नाही. दुसरी पद्धत माझ्या सुतळीचीच, फक्त फार मोठी. तिच्यात बोटीच्या मागे एक यंत्र बांधून ओढत न्यायचं आणि पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र पावलापावलाला किती बदलतं ते लिहीत जायचं. ह्या दुसऱ्या पद्धतीचा इतिहास शोधायला बसलो तेव्हा वाटलं होतं, तो अमेरिकेत कुठेतरी सुरू होईल. त्याचा एक मोठा तुकडा कुलाब्यात आणि अलिबागेत निघाला, आणि त्यात 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकर भेटले.

पण आधी वाळू. सह्याद्रीचा काळा कातळ, म्हणजे बेसाल्ट, हा लोह आणि टायटॅनियमची खनिजं पोटात घेऊन थंड झालेला लाव्हा आहे. पाऊस तो झिजवतो, काही ठिकाणी त्याचा जांभा होतो, आणि नद्या तो कण कण करून खाडीत आणून टाकतात. त्यातलं मॅग्नेटाइट चुंबकाला झडप घालून चिकटतं. इल्मेनाइटही काळंच, जडही तसंच, पण साध्या चुंबकाला ते फारशी दाद देत नाही. माझ्या पिशवीला चिकटलेलं बहुतेक मॅग्नेटाइट होतं आणि खाली राहिलेल्या काळ्या कणांत इल्मेनाइट. किंमत ह्या दुसऱ्याला आहे. त्यातून टायटॅनियम डायऑक्साइड काढतात, म्हणजे भिंतीच्या पांढऱ्या रंगातलं पांढरं. कोकणातल्या सगळ्यात काळ्या वाळूतून पांढराशुभ्र रंग निघतो.

१९७० च्या दशकात गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या, म्हणजे एनआयओच्या, शास्त्रज्ञांनी काळबादेवी, मिऱ्या आणि रत्नागिरीच्या उपसागरांत ही वाळू पाण्याखाली कुठे आणि किती आहे ते शोधायला सुरुवात केली. सिद्दिकी, राजमाणिकम आणि आल्मेडा यांचा त्यावरचा निबंध १९७९ साली आला. त्यानंतरही ह्या पट्ट्यात पाहण्या होत राहिल्या. तळाची खोली मोजणं, ध्वनिलहरींनी गाळाचे थर पाहणं, तळाचे नमुने उपसणं आणि चुंबकीय मोजणी, अशी कामं एकमेकांच्या हातात हात घालून चालतात. मला ह्यातली चुंबकीय मोजणी सगळ्यात जवळची वाटली, कारण तिच्यात सगळा खेळ वजाबाकीचा आहे आणि लॉगमधून गोंगाट वजा करणं हेच माझं रोजचं पोटापाण्याचं काम आहे.

यंत्र कसं चालतं ते थोडक्यात. एका बाटलीत केरोसीनसारखा हायड्रोजनने भरलेला द्रव असतो आणि तिच्याभोवती तारेचं वेटोळं. वेटोळ्यातून वीज सोडली की द्रवातले प्रोटॉन एका दिशेला रांगेत उभे राहतात. वीज तोडली की ते पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राभोवती भोवऱ्यासारखे डुलायला लागतात, आणि डुलण्याचा वेग त्या जागच्या क्षेत्रावर ठरतो. आपल्या किनाऱ्यावर हे क्षेत्र साधारण ४२ ते ४३ हजार नॅनोटेस्ला, फ्रिजवरच्या चुंबकाच्या शंभराव्या हिश्श्याइतकं. तेवढ्या क्षेत्रात प्रोटॉन सेकंदाला सुमारे १८०० वेळा डुलतात. ही वारंवारिता कानाला ऐकू येण्यासारखी, बारीक शिट्टीची. म्हणजे जागोजागी शिट्टीचा सूर मोजायचा. बोट स्वतः लोखंडाची, म्हणून बाटली लांब दोरावर मागे सोडायची. सर्वेक्षणवाले तिला 'फिश' म्हणतात.

आता अडचण. गाळाखालच्या खडकामुळे सूर बदलतो तो काही दहा, काही शे नॅनोटेस्लांनी. पण पृथ्वीचं क्षेत्र स्वतःच स्वस्थ बसत नाही. सूर्य वर आला की वातावरणाच्या वरच्या थरात विजेचे प्रवाह वाहू लागतात आणि जमिनीवरचं क्षेत्र सकाळ ते दुपार काही दहा नॅनोटेस्लांनी हलतं. सौरवादळ आलं तर शेकड्यांनी. बोट सकाळी मिऱ्याच्या डोंगराजवळ होती आणि दुपारी चार किलोमीटर आत गेली. मधे आकडा साठाने वाढला. हा साठ खडकाचा की सूर्याचा? बोटीवर बसून हे कधीच कळणार नाही. त्यासाठी त्याच वेळी जमिनीवर, एका जागी, न हलता कुणीतरी मोजत बसलेलं असावं लागतं. त्याचे आकडे बोटीच्या आकड्यांतून वजा केले की उरतं ते खडकाचं.

हे 'न हलता मोजत बसणं' आपल्याकडे १८४१ पासून चालू आहे.

ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ साली कुलाब्याला वेधशाळा उभारली ती ताऱ्यांसाठी, जहाजांना वेळ दाखवण्यासाठी. चुंबकाची नियमित मोजणी १८४१ मध्ये सुरू झाली, एल्फिन्स्टन संस्थेतले प्राध्यापक ऑर्लेबार यांच्या देखरेखीखाली. त्या सुमारास तिथे नोकरीला लागलेला एक पोरगा म्हणजे केरो लक्ष्मण छत्रे, जन्म १८२५, गाव अलिबागजवळचं नागाव. पुढे केरूनाना छत्रे म्हणून गाजलेले, पंचांगासाठी ग्रहगणिताची कोष्टकं मराठीत करणारे, टिळकांना गणित शिकवणारे तेच हे. आपल्या वयाच्या हिशेबात सांगायचं तर बारावीचं वय, आणि काम काय, तर ठरलेल्या वेळी टांगलेल्या सुईकडे बघून आकडा लिहिणं. ह्याच वेधशाळेचे प्रमुख म्हणून बाळशास्त्री जांभेकरांनीही काम केलं. ६ जानेवारी १८३२ ला 'दर्पण' काढणारे, मूळचे देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचे. दरवर्षी पत्रकार दिनाला त्यांच्या तसबिरीला हार घालतात. त्यांचं नाव चुंबकसूचीच्या खोलीशीही जोडलेलं आहे हे मला शाळेत कुणी सांगितलं नव्हतं, आणि जरा रागच आला. मराठी छापील गद्याची आणि भारतातल्या भूचुंबकीय नोंदींची पहिली पिढी काही अंशी एकच होती, आणि ती कोकणातली होती.

त्या नोंदींचं मोल कळायला दीडशे वर्षं गेली. सप्टेंबर १८५९ मध्ये सूर्यावर झालेल्या मोठ्या स्फोटाचं वादळ पृथ्वीवर येऊन आदळलं. युरोप-अमेरिकेत तारयंत्रांच्या तारांतून ठिणग्या उडाल्या. कुलाब्यात तेव्हा फोटोवर आपोआप नोंद घेणारी यंत्रं नव्हती. ती १८७२ मध्ये आली. डोळ्याने वाचायचं, हाताने लिहायचं. सुई वेड्यासारखी हलायला लागल्यावर तिथल्या माणसांनी तासाऐवजी पंधरा मिनिटांनी आणि मग पाच-पाच मिनिटांनी आकडे घेतले. आडव्या दिशेचं क्षेत्र सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी कोसळलं. २००३ साली त्सुरुतानी यांच्यासोबत भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या लाखिना आणि ॲलेक्स यांनी ह्या आकड्यांवरून त्या वादळाचा जोर काढला, आणि तेव्हापासून सौरवादळांवरच्या कुठल्याही गंभीर चर्चेत कुलाब्याचा तो आलेख येतोच. वाचन घेणाऱ्यांची नावं त्यात नाहीत.

मग ट्राम आली. खरं म्हणजे येणार असं ठरलं, आणि तेवढंच पुरेसं होतं. विजेच्या ट्रामचा प्रवाह रुळांतून परतताना जमिनीत पाझरतो, आणि त्याने सुई ट्रामच्या वेळापत्रकाप्रमाणे नाचायला लागते. तेव्हा वेधशाळेचे प्रमुख होते नानाभाई मूस. पर्याय दोनच होते: शहराने ट्राम सोडायची किंवा सुईने शहर. सुई अलिबागला गेली. १९०४ मध्ये अलिबागची मोजणी सुरू झाली, पण कुलाबा लगेच बंद केलं नाही. १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणी एकाच वेळी मोजणी चालली, म्हणजे दोन जागांमधला फरक कळावा आणि जुनी साखळी तुटू नये. मुंबईत विजेची ट्राम १९०७ मध्ये धावली. जुनी आणि नवी सिस्टिम दोन वर्षं शेजारी-शेजारी चालवून मगच जुनी बंद करणं! आमच्या क्षेत्रात दोन आठवडे मागितले तरी कपाळावर आठ्या पडतात. मूस यांनी १८४६ ते १९०५ च्या कुलाब्याच्या आकड्यांचे दोन जाडजूड खंड १९१० मध्ये प्रसिद्ध केले.

अलिबागच्या इमारतीची एक गोष्ट मला फार आवडते. ती बांधायला कोकणातला काळा दगड चालला नाही. तो स्वतःच चुंबकीय. म्हणून पोरबंदरचा दगड आणला, आणि जिथे लोखंड लागलं असतं तिथे तांबं-पितळ वापरलं. पायाखाली सगळा बेसाल्ट, आणि त्यावर बेसाल्टला बाहेर ठेवणारं घर. तिथून नागाव काही किलोमीटरवर. केरूनानांनी ज्या वहीत पोरवयात आकडे भरले तीच वही साठ वर्षांनी त्यांच्या गावाशेजारी येऊन पुढे चालू राहिली.

समुद्रावर चुंबक मोजण्याची हौस मात्र त्याहून जुनी. धूमकेतूवाला एडमंड हॅली १६९८ ते १७०० मध्ये अटलांटिकभर होकायंत्राचा कल मोजत हिंडला. पण नकाशावर खडक उमटेल इतकी बारकाई आली ती दुसऱ्या महायुद्धात, पाणबुड्या शोधायच्या निमित्ताने. युद्ध संपल्यावर तीच यंत्रं शास्त्रज्ञांच्या बोटींमागे लागली, आणि १९५५ मध्ये अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याबाहेर समुद्रतळावर चुंबकीय पट्टे दिसले. एक जोरदार, एक मंद, पुन्हा एक जोरदार, झेब्र्यासारखे. ते का, हे कुणाला सांगता येईना. उत्तराचा धागा मिळाला तो आपल्या बाजूच्या समुद्रात. आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेत १९६२ च्या शेवटी 'ओवेन' ह्या ब्रिटिश जहाजावरून ड्रमंड मॅथ्यूज यांनी कार्ल्सबर्ग पर्वतरांगेवर मोजणी केली. आपल्या अरबी समुद्राच्या दक्षिणेला पाण्याखाली ही रांग आहे. त्यांचा विद्यार्थी फ्रेड व्हाइन याच्यासोबत त्यांनी सप्टेंबर १९६३ मध्ये मांडलं की लाव्हा थंड होताना त्या वेळच्या क्षेत्राची दिशा धरून ठेवतो, पृथ्वीचं क्षेत्र मधूनमधून उलटतं, आणि समुद्रतळ मधोमध फाटून दोन्हीकडे पसरत असतो; म्हणून पट्टे. (हीच कल्पना कॅनडाच्या लॉरेन्स मोर्ली यांनी स्वतंत्रपणे लिहून पाठवली होती आणि दोन नियतकालिकांनी परत केली होती.) त्याच मोहिमेच्या धक्क्याने १ जानेवारी १९६६ ला एनआयओ सुरू झाली. रत्नागिरीला वाळू शोधायला आलेली संस्था ही.

लाव्हा दिशा धरून ठेवतो हे वाक्य आम्हा कोल्हापूरकरांना घरचं वाटायला हवं. पन्हाळ्याला तुम्ही गेला असालच. तिथला कातळ भूशास्त्रात 'पन्हाळा फॉर्मेशन' ह्या नावाने जगभर ओळखला जातो. दख्खनचा लाव्हा सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी थरावर थर साचला. सह्याद्रीच्या खालच्या जाड थरांनी धरलेली दिशा आजच्या उलट आहे, उत्तरेऐवजी दक्षिण. महाबळेश्वरच्या थरांत ती पालटते, आणि त्यावरच्या पन्हाळ्याच्या थरांत ती पुन्हा आजच्यासारखी उत्तरेची. फक्त एक फरक आहे. आज आपल्याकडे होकायंत्राची सुई मोकळी टांगली तर उत्तर टोक थोडं खाली झुकतं. पन्हाळ्याच्या दगडातली जुनी सुई उत्तर टोक वर करून आहे, म्हणजे हा दगड विषुववृत्ताच्या दक्षिणेला थंड झाला. पॅट्रिक ब्लॅकेट यांच्या लंडनमधल्या गटाने १९५६ मध्ये आणि पाठोपाठ मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतून डॉइच, राधाकृष्णमूर्ती आणि सहस्रबुद्धे यांनी १९५९ मध्ये दख्खनच्या दगडांवरून हे दाखवलं. खंड सरकतात हे म्हणणं तेव्हा अजून बऱ्याच लोकांना थट्टेचं वाटत होतं.

मी पन्हाळ्यावर फोनमधल्या मॅग्नेटोमीटरचं ॲप उघडून तटाच्या दगडाजवळ धरलं होतं. आकडा ४२ मायक्रोटेस्लावरून ५१ वर गेला आणि मी खूष. मग लक्षात आलं की फोनच्या कव्हरच्या झाकणात चुंबक आहे. कव्हर काढल्यावर दगड गप्प झाला. अलिबागच्या लोकांनी पितळी खिळे का वापरले ते मला त्या दिवशी अंगावर आल्यासारखं कळलं.

तर आता रत्नागिरीच्या पाण्याखाली जाऊ. बोट किनाऱ्याला काटकोनात रेघा मारत जाते, मग त्यांना छेदणाऱ्या काही रेघा मारते, म्हणजे एकाच जागेवर दोन वेळा घेतलेले आकडे जुळतात का ते बघता येतं. जमिनीवरच्या केंद्राचे आकडे वजा होतात. पृथ्वीचं सरासरी क्षेत्र वजा होतं. उरते एक वेडीवाकडी रेघ. तिच्यात काय वाचायचं?

पहिली गोष्ट, खडबडीतपणा. खडक तळाशी उघडा किंवा थोड्याच गाळाखाली असेल तर रेघ करवतीसारखी दातेरी येते. गाळ जाड होत जातो तसे दाते बोथट होतात, कारण अंतर वाढलं की बारीक तपशील आधी पुसला जातो. पातळ चादरीखाली बोटं वेगवेगळी दिसतात, तीन गोधड्यांखाली नुसता उंचवटा. म्हणजे दाते कुठे बोथट झाले ते बघत गेलं की कातळ कुठे खोल गेला ते कळतं. दुसरी गोष्ट, सरळ रेषा. लाव्हा वर येताना ज्या भेगांतून आला त्या भेगांत तो उभ्या भिंतीसारखा थिजला. ह्या भिंतींना डाइक म्हणतात, आणि कोकणात त्यांतल्या कितीतरी किनाऱ्याला साधारण समांतर आहेत. रेघांमागून रेघांत तोच उंचवटा त्याच ओळीत आला तर खाली भिंत असण्याची शक्यता.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात मोहक वाटते: बुडालेल्या नद्या. हिमयुगात समुद्राचं पाणी बर्फात अडकलेलं होतं. पश्चिम किनाऱ्यावरच्या नमुन्यांवरून एनआयओच्या हाशिमी, निगम आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये मांडलेल्या आलेखाप्रमाणे सुमारे १४,५०० वर्षांपूर्वी इथला समुद्र आजच्यापेक्षा १०० मीटर खाली होता आणि सुमारे ७,००० वर्षांपूर्वी आजच्या पातळीजवळ आला. त्या काळात काजळी नदी भाट्याला थांबत नव्हती, पुढे चालत जात होती, कातळ कोरत होती. पाणी चढलं, दऱ्या गाळाने भरल्या, वरून तळ सपाट दिसायला लागला. कातळ कोरला गेला तिथे चुंबकीय खडक कमी, म्हणून रेघ बदलते. आणि त्या दरीच्या गाळातच जड काळी वाळू साचलेली असेल तर पुन्हा बदलते, वेगळ्या तऱ्हेने. काकांच्या जाळ्याला हे काहीच लागणार नाही. तिथे नुसता चिखल आहे.

इथपर्यंत वाचून वाटेल, मग काय, एक्स-रेच की! मलाही वाटलं होतं. म्हणून एका शनिवार-रविवारी मी पायथनमध्ये छोटा प्रोग्राम लिहिला. काल्पनिक तळ घेतला, त्यात काल्पनिक डाइक पुरला, आणि वरून बोट फिरवली तर रेघ कशी येईल ते काढलं. इतकं सोपं गेलं. मग उलटं केलं: रेघ द्यायची आणि डाइक कुठे ते विचारायचं. प्रोग्रामने दहा मीटर खोल, रुंद, मंद चुंबकीय भिंत सांगितली. सुरुवातीचा अंदाज बदलून पुन्हा चालवला तर चाळीस मीटर खोल, अरुंद, जोरदार. दोन्ही उत्तरांची रेघ मोजणीच्या चुकीच्या मर्यादेत जवळजवळ तीच. माझ्या कोडमध्ये बग नव्हता. हा प्रश्नच तसा आहे. एका रेघेला जमिनीखालची अगणित चित्रं बसतात.

त्यात आपल्या किनाऱ्याच्या दोन खास खोड्या. आपण चुंबकीय विषुववृत्ताच्या तसे जवळ, त्यामुळे इथलं क्षेत्र बरंचसं आडवं आहे. खडक जिथे पुरला आहे तिथे बरोबर डोक्यावर उंचवटा येत नाही. एका बाजूला उंचवटा, दुसऱ्या बाजूला खळगा, आणि खडक त्यांच्या मधे कुठेतरी. दुसरी खोडी पन्हाळ्याची. दगडात धरून ठेवलेली जुनी दिशा आजच्या क्षेत्राने दिलेल्या चुंबकत्वापेक्षा कितीदा जास्त जोरदार असते. तळाखालचा थर सह्याद्रीच्या खालच्या, उलट्या थरांपैकी आहे की वरच्या, सुलट्या, हे आधी ठाऊक नसतं. चुकीचं गृहीत धरलं तर उंचवट्याचा खळगा होतो आणि खडक भलत्या जागी जाऊन बसतो. माझ्या प्रोग्राममध्ये मी एक चिन्ह बदलून बघितलं. भिंत शंभर मीटर सरकली.

ही भांडणं माझ्यासारख्या हौशी माणसापुरती नाहीत. महाराष्ट्राच्या किनाऱ्यापासून काहीशे किलोमीटर पश्चिमेला, खोल पाण्यात, लक्ष्मी बेसिन आहे. तिथल्या चुंबकीय रेघांत पट्टे आहेत असं एनआयओच्या भट्टाचार्य आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये मांडलं, म्हणजे तिथे खरा समुद्रतळ तयार झाला होता. इतरांचं म्हणणं, हे पट्टे नव्हेत. ताणून पातळ झालेल्या खंडात घुसलेला लाव्हा आहे. त्याच रेघा, आणि दोन वेगळे इतिहास: भारत तुटला ती जागा नेमकी कुठली? २०१५ मध्ये 'जॉइडस रेझोल्यूशन' ह्या जहाजाने तिथे हजार मीटरहून जास्त गाळ भेदून तळाचा बेसाल्ट बाहेर काढला. दगड हातात आला, तरी त्याचा अर्थ काय ह्यावर वाद चालूच राहिला. किनाऱ्याच्या जरा जवळ, मुंबई हायवर, १९७४ मध्ये 'सागर सम्राट'ने तेल लावल्यानंतर पडलेल्या विहिरींनी गाळाखालचा पाया गाठला. तो कुठे दख्खनचा बेसाल्ट होता, कुठे त्याहून खूप जुना ग्रॅनाइटी खडक. तिथे विहिरींना पैसा होता, कारण तेल होतं. उथळ उपसागराच्या प्रत्येक उंचवट्याला विहीर कोण पाडणार?

म्हणून मला ह्या नकाशांची थोडी काळजी वाटते. शास्त्रज्ञ निबंधात लिहितात, 'असा अर्थ लावता येतो'. तोच नकाशा पुढे प्रकल्पाच्या अहवालात जातो तेव्हा 'लावता येतो' गळून पडतं आणि 'इतका टन साठा' उरतो. रत्नागिरीच्या उपसागरांत तर इल्मेनाइट स्वतः फारसं चुंबकीय नाही. चुंबक दाखवतो तो त्याच्या सोबतचा मॅग्नेटाइट आणि खालचा कातळ. वाळू आहे की कातळाचा कंगोरा, हे नमुना वर आणल्याशिवाय नक्की होत नाही. एनआयओच्या लोकांनी नमुने उपसले ते उगाच नाही. आणि त्या वाळूच्या काठाला माणसं राहतात. मिऱ्याला समुद्र दर पावसाळ्यात किनारा खातो, बंधारा बांधतात, ढासळतो, पुन्हा बांधतात. तिथे तळावरून किती वाळू उचलली तर पुळणीचं काय होईल, हा प्रश्न साठ्याच्या आकड्याइतकाच मोजायचा प्रश्न आहे, आणि तो मोजायला पुरलेल्या कातळाचा तोच नकाशा लागतो. कातळ कुठे वर आला आहे, लाट कुठे अडते, वाळू कुठे अडकते. एकच पाहणी खाणीसाठीही वाचता येते आणि गावासाठीही. आजवर ती गावासाठी कमी वाचली गेली असं माझं मत आहे. मत म्हणूनच घ्या.

निघताना काकांना मी हे सगळं सांगायचा प्रयत्न केला, अर्थातच वाईट तऱ्हेने. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि समोर मिऱ्याच्या डोंगराच्या रोखाने हात केला. "त्या टोकापासून सरळ रेषेत बाहेर खडप आहे. मधे तुटतं, परत लागतं. माझ्या बापानं दाखवलं. आता तुमचं मशीन काय सांगतंय?"

एका ओळीत, मधे तुटून पुन्हा लागणारा कातळ. डाइक असू शकतो. नसूही शकतो. मी फोनवर त्या टोकाचे अक्षांश-रेखांश नोंदवून घेतले आणि कव्हरचं झाकण आधी काढलं होतं का ते आठवत बसलो.

वाळूची बाटली आता माझ्या मॉनिटरशेजारी आहे. आईला ती मोहरी वाटली होती. भारतीय भूचुंबकत्व संस्था १९७१ पासून स्वायत्त आहे, मुख्यालय नवीन पनवेलला, आणि अलिबागची मोजणी आजही चालू आहे. मी हे लिहितोय तेव्हा दुपारचा दीड वाजलाय, म्हणजे आकडा आता सकाळच्या मानाने बराच हललेला असणार.